कमानीऐवजी पाणी

सुमनआत्या गेल्याची बातमी मला घरच्यांच्या आधी गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी दिली. झोपेतच गेल्या, एवढंच म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला. पण आत्या आठवली की रडू येत नाही, ताठ बसावंसं वाटतं.

नगरजवळ भिंगारला लष्करी छावणीच्या कचेरीत कारकुनी करून ती निवृत्त झाली आणि श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या गावी, माहेरी राहायला आली. यजमान आधीच गेलेले, मूलबाळ नाही. भिंगारचं घर विकून आलेले पैसे गावाला द्यायचे, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. सरपंच हरखले. वेशीवर तिच्या यजमानांच्या नावाची दगडी कमान बांधू म्हणाले. आत्या 'बघते' म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून उपकेंद्राच्या बाकावर जाऊन बसायला लागली. बाळंतिणीबरोबरचे लोक घरून पाण्याच्या घागरी आणत होते. सिस्टरांची खोली पडायला आलेली, म्हणून त्या संध्याकाळच्या एसटीनं श्रीगोंद्याला परतायच्या. मग गाव रामभरोसे. आठवड्यानं आत्यानं सिस्टरांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या बावरल्याच. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"पाणी," त्या म्हणाल्या. "आणि राहायला खोली. बाकीचं मी बघते."

बोअर झाला, नळ आले, औषधांच्या फ्रिजसाठी इन्व्हर्टर बसला, दोन खोल्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या सिस्टरची जागा कधीपासून रिकामी होती; तिचा पगारही तूच दे, असं मी सुचवलं, तेव्हा मात्र आत्या माझ्यावर उखडली. "ते सरकारचं काम आहे. मी दिला तर सरकार कायमचं विसरेल." जन्मभर कचेरीत काढलेली बाई ती, अर्ज कुठे अडतो हे तिला पाठ होतं. जागा भरेपर्यंत तिनं खेटे घातले, आणि ती भरली.

कमान न झाल्यानं सरपंच रुसलेलेच होते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची सून उपकेंद्रात बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. शेवटची एसटी गेलेली, वीज दुपारपासून नव्हती. पण सिस्टर तिथेच राहत होत्या आणि इन्व्हर्टरमुळे फ्रिजमधलं रक्त थांबवायचं इंजेक्शन थंड राहून टिकलं होतं. रक्त थांबलं, मगच ॲम्ब्युलन्स नगरला निघाली. सून आणि नातू घरी आल्यावर सरपंच आत्याकडे आले, उंबऱ्यातच उभे राहिले.

"आत्या, कमान बांधली असती, तर तिच्याखालून पोरीला नेली असती... नगरपर्यंत पोचली नसती वो."

आत्यानं त्यांना बसवून चहा दिला आणि शेजारच्या दोन गावांत हेच सांगायला धाडलं. आज त्या दोन्ही उपकेंद्रांत पाणी आहे; तिथल्या दात्यांनीही आधी सिस्टरांनाच विचारलं.

परवा मी गावी गेलो होतो. सिस्टर त्यांच्या नव्या खोल्यांतल्या स्वयंपाकघरात चहा ठेवत होत्या. नगरला बदली मिळत होती, ती नाकारल्याचं त्यांनी सहज सांगितलं. ओट्यासमोरच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, गवंड्याला दम देऊन ही आत्यांनी इथे काढायला लावली. मी वाकून पाहिलं. समोर थेट उपकेंद्राचं दार दिसत होतं... पायरीवर एक बाई पोट सावरत उभी होती. मी काही बोलायच्या आत सिस्टर गॅस बंद करून बाहेर पडल्या होत्या.