शोकेसमधला फोटो

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर स्टुडिओ चालवणाऱ्या गृहस्थांना सारे ‘फोटोवाले’ म्हणत. पोटापाण्यासाठी ते पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढीत. जीव मात्र अडकला होता तो कोणीही न सांगितलेल्या एका कामात. ते आपल्या एकुलत्या मुलीचे फोटो काढीत.

सुट्टीच्या दिवशी सकाळी स्टुडिओचे दार अर्धे लोटलेले असे. खिडकीचा पडदा सारून ते तिला उंच स्टुलावर बसवीत आणि गप्पांना सुरुवात करीत. ‘जरा हसा, मान किंचित खाली’ ही वाक्ये गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेली. ती तिच्या वाट्याला कधीच आली नाहीत. बोलता बोलता तिला कॅमेऱ्याचा विसर पडे आणि नेमक्या त्याच क्षणी ते कळ दाबीत. ‘‘विसरली की सापडते,’’ असे ते मला सांगत. तापाने मलूल झालेली, ओठांना शाई फासलेली, पडलेल्या दाताच्या खिंडारात जीभ घालून चाचपणारी, अशी ती त्यांना नाना परींनी सापडली होती. एका जागी ठरत नसे म्हणून तिचे नाव पडले खारूताई. तिची आई परिचारिका होती. ती म्हणे, की मी फोटो काढा म्हटले की यांचा रोल नेमका संपलेला असतो. लेकीच्या शिंकेला मात्र रोल शिल्लक असतो.

या सर्व फोटोंत एक उजवा होता. सात वर्षांची असताना खारूताईने कात्रीने स्वतःचे केस कापले, आरशात पाहिले आणि भोकाड पसरले. रडे ओसरून नुसते हुंदके उरले असताना, कापलेल्या बटा मुठीत धरून, वाहत्या नाकाने ती कॅमेऱ्याकडे पाहत राहिली, तो हा फोटो. फोटोवाल्यांनी तो मोठा करून रस्त्याकडच्या शोकेसमध्ये मधोमध लावला. येणारे-जाणारे थबकून पाहत. आजूबाजूची नवरा-नवरींची जोडपी बदलत गेली. तो मात्र जागचा हलला नाही.

पुढे खारूताईची शाळा बदलली आणि नव्या मैत्रिणींची वाट शोकेसवरून जाऊ लागली. त्यांनी तिला ‘नाकगळकी’ म्हणायला सुरुवात केली. हे बापाच्या कानावर कोणीच घातले नाही. त्यांना दिसले ते इतकेच, की लेक सुट्टीच्या सकाळी खाली येईनाशी झाली. आधी अभ्यासाची सबब झाली, मग डोकेदुखीची, शेवटी नुसतेच ‘नको’. कॅमेरा दिसला की ती तळव्याने तोंड झाकी. आपल्यापासून पोरीने तोंड फिरवले ते कायमचेच की काय, या धास्तीने त्यांचे चित्त थाऱ्यावर राहीना. एका नवरदेवाच्या फोटोत त्यांनी करवलीला नवरी ठरवून मध्ये उभे केले, इथवर मजल गेली.

एके संध्याकाळी पेन्शनच्या कागदांसाठी लागणारा फोटो काढून घ्यायला मी त्यांच्यापुढे बसलो होतो. माझी हनुवटी त्यांनी नुकतीच हवी तशी वर केली होती. तेवढ्यात दप्तर खांद्यावर असलेली खारूताई दारात येऊन म्हणाली, ‘‘बाबा, माझा फोटो काढा.’’

फोटोवाल्यांनी मला हनुवटीसकट तसेच सोडले. स्टूल खिडकीशी ओढले, पडदा सारला, कॅमेऱ्यात नवा रोल भरला. हे करताना ते गुणगुणत होते. खारूताई दारातून हलली नाही.

‘‘तसा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तिथून काढा.’’ आणि तिने शोकेसकडे बोट केले.

फोटो काढणे म्हणजे टिपणे, तसेच उतरवणेही. जन्मभर या एका क्रियापदावर पोट भरलेल्या माणसाला त्याचा दुसरा अर्थ त्या दिवशी सुचला नव्हता.

‘‘अगं, तो माझा सगळ्यांत चांगला फोटो आहे.’’

‘‘तुमचा असेल. मी रडत होते, बाबा. आणि तुम्ही फोटो काढत होतात.’’

किल्ली घेऊन त्यांनी शोकेस उघडले आणि फोटो उतरवला. मागचे मखमली कापड सगळीकडे विटले होते. फोटोखालचा चौकोन तेवढा गर्द निळा राहिला होता. खारूताईने फोटो छातीशी उलटा धरला आणि ती जिना चढून गेली. त्यानंतर त्यांनी माझा फोटो काढला. तो हलला.

पुढे कित्येक सुट्ट्या त्यांनी तिच्यापुढे कॅमेरा धरला नाही. मग एका सकाळी ती आपण होऊन खाली आली आणि स्टुलावर बसली. ‘‘काढा. पण कळ दाबायच्या आधी सांगायचं.’’

त्यांनी घसा खाकरला. ‘‘काढतो हं,’’ असे ते एखाद्या परक्या गिऱ्हाइकाशी बोलावे तसे अदबीने म्हणाले.

तो फोटो त्यांनी मला दाखवला. ताठ मान, मिटलेले ओठ, एक भुवई किंचित वर. ती क्षणभरही विसरलेली नव्हती. त्यांच्या नियमाने पाहता फोटो फसलेलाच. पण तो परत पाकिटात घालायला त्यांना बराच वेळ लागला. शोकेसमध्ये लावू का, असे त्यांनी तिला विचारले होते म्हणे. ‘‘विचार करून सांगते,’’ असे उत्तर मिळाले.

शोकेसमधला निळा चौकोन अजून रिकामाच आहे. इथे काय लावणार, असे कोणी विचारले, तर फोटोवाले काच पुसता पुसता म्हणतात, ‘‘परवानगी मागितली आहे.’’