ढोमणेकाकांचं पोतं

नागपूरला निघताना बायकोने दोनच गोष्टी बजावल्या होत्या. संत्रा बर्फी विसरायची नाही आणि तिथे जाऊन शहाणपणा करायचा नाही. बर्फी मी आणली.

सकाळी पुण्याची गाडी पोचली तेव्हा माझी मावसबहीण ललिताताई स्टेशनवर हजर होती. "आंघोळीचं नंतर पाहू. आपल्याले सावनेरले जायचं आहे, कोळसा पुरायले," ती म्हणाली. कोळसा उकरतात हे मला ठाऊक होतं. पुरतात हे पहिल्यांदाच ऐकत होतो.

ताई हुडकेश्वरला राहते. तिच्या कॉलनीत दरवर्षी वर्गणी जमते आणि दरवर्षी तिच्यावरून भांडण होतं. यंदा सोसायटीचे सेक्रेटरी ढोमणेकाका यांना त्या वर्गणीतून रस्त्याच्या तोंडाशी कमान उभारायची होती. ताईने मात्र घरोघरी फिरून लोकांना पटवलं की हे पैसे हवेतला कार्बन जमिनीत गाडायला वापरू. काकांनी भर सभेत अट घातली: प्रत्येक घराच्या नावचा कोळसा प्रत्येकाच्या डोळ्यांदेखत मातीत गेला पाहिजे. एक घर जरी राहिलं, तर पुढच्या वर्षीपासून कमान. ताईने "चालते" म्हणून टाकलं होतं, आणि तो दिवस नेमका आजचा होता.

वाटेत तर्री पोहे खाल्ले. "वरून सांबार टाकू काय जी?" असं पोहेवाल्याने विचारलं तेव्हा मी घाबरलो, त्याने टाकली कोथिंबीर (इकडे तिलाच सांबार म्हणतात). तर्रीने डोळ्यांतून पाणी आलं आणि पोटात जडपणा. जरीपटक्याच्या बाजारात तूप घेतलं आणि गाडी शहराबाहेर पडल्यावर ताईने शास्त्र समजावायला घेतलं.

"झाडं हवेतून कार्बन घेतात. पऱ्हाटी (कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडं) वावरात पेटवली का तो सारा परत हवेत. तेच खड्ड्यात, हवा कमी देऊन जाळली का कोळसा होते. तो मातीत घातला का शेकडो वर्षं तिथंच रायते. आता फक्त एक गोष्ट ध्यानात ठेव..."

इथे माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा सावनेर आलं होतं आणि रस्त्यावर कोळशाचे ट्रक धुरळा उडवत चालले होते. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठं चालले जी?"

"कोळसा पुरायला."

त्याने ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे खदानीतून काढून राहिले अन् तुम्ही पुरून राहिले? एकमेकाले इचारून तरी घ्या न बापा."

शकुंतलाबाई राऊतांचं शेत गावाबाहेर होतं. संत्र्याची झाडं, प्रत्येकाला गोल आळं केलेलं, एका कडेला पऱ्हाटीचा ढीग आणि मधे निमुळता होत गेलेला खड्डा. पंधरा दिवस खपून त्या बाईंनी सगळ्या कॉलनीचा कोळसा तयार केला होता. गोठ्याला टेकून पोत्यांची रांग उभी होती. बाई आता रोडगे (कणकेचे जाड गोळे, विस्तवात भाजून तुपात बुडवायचे) करण्यात गुंतल्या होत्या.

कॉलनीची बस यायची होती. दर घराला एक झाड ठरलेलं, म्हणून ताई झाडं मोजायला गेली. एवढ्यात बाई म्हणाल्या, "भाऊ, गवऱ्या सरल्या. शेजारच्या वावरातून आणा लागते. तवरक विस्तवाकडे पाहा बरं."

मी पाहिलं. विस्तव मान टाकत होता आणि रोडगे कच्चे होते. दहा पावलांवर उत्तम कोळसा पडलेला. जवळच्या पोत्यावर रंगाने 'ढोमणे' असं लिहिलं होतं. मला वाटलं, हा चुलीचा कोळसा आणि हे कोळसेवाल्याचं नाव असेल. झोपेत काका आणि नाव यांची गाठ सुटली होती. मी अख्खं पोतं हप्त्याहप्त्याने विस्तवात रिकामं केलं. काय धग धरली! रिकामं पोतं नीट घडी करून मी त्यावरच बसलो.

बस आली. ढोमणेकाका कडक पांढऱ्या कपड्यांत उतरले. खिशात कमानीचा नकाशा होता आणि तो त्यांनी पंगतीत सगळ्यांना दाखवला. मग चार रोडगे खाल्ले.

"असा रोडगा जिंदगीत नाही खाल्ला! काय आच लागली आहे!"

"आच माझी," मी विनयाने सांगितलं.

जेवणं झाल्यावर ताईने एकेक नाव पुकारलं. घरचे लोक आपलं पोतं उचलत, कोळशात शेणकाला कालवत आणि आपल्या झाडाच्या आळ्यात घालत. हसणं, फोटो, हात काळे. शेवटी ताई म्हणाली, "ढोमणे."

काका उठले. पोतं नव्हतं. सगळे शोधायला लागले आणि माझ्या बुडाखालच्या अक्षरांची मला हळूहळू आठवण झाली. ताईचा चेहरा उतरला होता. वर्षभराची तिची पायपीट मी दुपारच्या जेवणात घातली होती. मी उठून पोतं पुढे केलं आणि सगळं सांगितलं.

काकांनी रिकामं पोतं उलटं करून झटकलं.

"म्हणजे माहा कोळसा मीच खाल्ला?" काका म्हणाले.

"चार रोडग्यांपुरता," मी म्हणालो. बायकोने बजावलं होतं ते हेच.

मला वाटलं, आता नकाशा निघणार. पण काकांचं लक्ष झाडांकडे होतं. सगळ्यांची आळी काळी झाली होती, एकच कोरडं. "सगळ्याइचा कोळसा मातीत अन् ढोमण्याचाच हवेत? कॉलनीत तोंड कसं दाखवू मी?"

"पऱ्हाटी पडली आहे, खड्डा आहे. करा न," शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या.

काकांनी बाह्या सारल्या. खड्ड्याच्या तळाशी जाळ केला आणि थोडी थोडी पऱ्हाटी थरांनी टाकायला लागले. बाई काठावरून ओरडत होत्या, "धूर काहून निघून राहिला? घाई नोका करू!" आणि काका तेच माझ्यावर ओरडत होते. मी विहिरीवरून पाण्याच्या बादल्या आणत होतो. नकाशाने त्यांनी तोंडावर वारा घेतला, मग घाम पुसला. बस दोन तास खोळंबली. कुरकुर करणारा कॉलनीत एकच माणूस होता आणि तो खड्ड्यावर वाकलेला होता.

उन्हं उतरता उतरता बादल्या ओतून जाळ विझवला. पोतंभर कोळसा निघाला. काकांनी तो कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः शेणकाला कालवला, स्वतः आळ्यात घातला आणि वरून माती थापटली. त्या कपड्यांत पांढरं काही उरलं नव्हतं.

परतीच्या गाडीत माझी नखं पाहून शेजारच्या प्रवाशाने मला हळूच विचारलं, "खदानीत असता का?" रात्रभर मनात तेच होतं. उभ्या जगाच्या हवेसाठी माणूस इतका वाकत नाही. आपलं नाव लिहिलेल्या पोत्यासाठी वाकतो. मला त्यात काही वाईट वाटलं नाही.

महिन्याभराने ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, सभा जिंकली होती.

"काका दर रविवारी सावनेरले जातात, झाड पाहाले. पुरलेला कोळसा दिसते थोडाच! तरी जातात. पुढच्या वर्षी पण वर्गणी कोळशालेच. फक्त त्याईनं एक अट घातली, अन् ती सभेत एकमताने पास झाली."

"कसली?"

"पुण्याच्या पाहुण्यानं जरूर यावं. पण आपल्या गवऱ्या आपण घेऊन यावं."

पुण्यात चांगल्या गवऱ्या कुठे मिळतात, याची मी सध्या चौकशी करतो आहे.