आमच्या वहिनी, फॅमिली डॉक्टर

अनघाचा फोन आला तेव्हा मी शॉमबर्गच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. अनघा माझी पुतणी, इथे अमेरिकेतच जन्मलेली. एरवी माझ्याशी इंग्रजीत भरभरून बोलणारी ही मुलगी त्या दुपारी एवढंच म्हणाली, "काका, आई गेली." हे होणार ते आम्हाला ठाऊक होतं. आपल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरबद्दल शैलजावहिनींनी स्वतःच मला फोनवर सांगितलं होतं, पेशंटच्या नातेवाइकाला समजावून सांगावं तितक्या शांतपणे... तरीही डबा तसाच झाकला, मॅनेजरला मेसेज केला आणि नोव्हायला दादा-वहिनींच्या घरी जायला गाडी काढली. आता त्याला काही आठवडे झाले. अजून इथला एखादा मित्र भेटला की विचारतो, तुमच्या वहिनी कशातल्या डॉक्टर होत्या? या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देणं मला कधीच जमलेलं नाही.

वहिनी नागपूरच्या. दादा डेट्रॉइटजवळ मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता, लग्न करून त्या इकडे आल्या. इथल्या परीक्षा देऊन हॉस्पिटलात लागल्या, तेव्हा तिथल्या हृदयरोगाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना आपल्या विभागात बोलावलं. बाहेरून आलेल्या मुलीला असं बोलावणं येणं त्या काळी सोपं नव्हतं. दादाने आनंदाने नागपूरला कळवूनही टाकलं. आणि वहिनींनी नाव घातलं ते फॅमिली मेडिसिनला. ही शाखा तेव्हा नवीन होती, हॉस्पिटलातले बाकीचे डॉक्टर तिला शाखा मानायलाही तयार नव्हते. दादाला हे पचलं नाही. फॅमिली डॉक्टर नागपुरात गल्लोगल्ली आहेत, त्यासाठी अमेरिकेला कशाला यायचं, असं तो म्हणायचा. वहिनींना ती गल्लीच आठवत होती. त्यांच्या लहानपणीच्या डॉक्टरांना आजीचा दमा, वडिलांचं पित्त आणि खुद्द वहिनींची परीक्षेची धास्ती हे सगळं एकत्र माहीत असायचं. इथे एकाच पेशंटला चार डॉक्टर, आणि त्या चौघांची एकमेकांशी गाठ नाही, हे त्या रोज बघत होत्या. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी "शैलजाताई, तुमची स्पेशालिटी कोणती?" असं विचारलं की त्या काही बोलायच्या आत दादाच विषय बदलायचा. त्या नुसत्या हसायच्या.

त्याच हॉस्पिटलात त्या यथावकाश फॅमिली मेडिसिनच्या ट्रेनिंगच्या प्रमुख झाल्या. त्यांच्याकडे शिकणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, पेशंटच्या घरी जावं लागायचं. यात वेळ फुकट जातो अशी वरून कुरकुर सुरू झाली. तेव्हा कारखान्यातून रिटायर झालेला एक म्हातारा पायांवरची सूज आणि धाप घेऊन पुन्हा पुन्हा ॲडमिट होत होता. हृदयरोगाचे डॉक्टर लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळीचा डोस वाढवत होते, आणि तो घरी गेला की सूज परत येत होती. वहिनी त्या डॉक्टरांनाच गाडीत घालून म्हाताऱ्याच्या घरी घेऊन गेल्या. घरात एकच बाथरूम, तीही वरच्या मजल्यावर. गुडघे इतके धरलेले, की दिवसातून एकदा जिना चढायचा तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. गोळी घेतली की सारखं वर जावं लागायचं, म्हणून तो ती घेतच नव्हता. वहिनींनी खाली कमोडची खुर्ची ठेवायची व्यवस्था केली, गोळी आहे तीच ठेवली, आणि म्हाताऱ्याच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या थांबल्या. ते डॉक्टर पुढे आपले ज्युनिअर वहिनींबरोबर पाठवू लागले.

एवढं होऊनही हॉस्पिटलची मालकी बदलली तेव्हा नव्या लोकांनी पहिल्यांदा ट्रेनिंगच बंद करायचं ठरवलं. शिकत असलेली मुलं अधांतरी लटकली. मी त्या आठवड्यात नोव्हायला होतो. संध्याकाळी वहिनी भाजी चिरत होत्या. मध्येच सुरी खाली ठेवून सिंकपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. मग दादा म्हणाला, "मुलांना कुठे न्यायचं ते ठरव. गाडी मी ड्राइव्ह करतो."

आणि त्याने केली. त्या आत मीटिंगमध्ये, हा बाहेर पार्किंगमध्ये थर्मासमधला चहा घेऊन बसलेला, असं करत दोघांनी मिशिगनमधली हॉस्पिटलं पालथी घातली. शेवटी एका लहान गावातलं हॉस्पिटल या मुलांना घ्यायला तयार झालं, पण प्रमुखपदी त्यांना कुणीतरी तरुण हवं होतं. वहिनींनी आपल्याच जुन्या विद्यार्थिनीचं, मेगनचं नाव सुचवलं आणि तिच्या हाताखाली साधी शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. वाईट नाही वाटलं का, असं मी एकदा विचारलं होतं. वाटलं, म्हणाल्या, पण पहिल्या दिवशी सगळी मुलं एका खोलीत बसलेली पाहिली आणि मग फार उरलं नाही.

आजारपणात मोठमोठ्या तज्ज्ञांची नावं आम्ही सगळ्यांनी सुचवली. वहिनींनी तज्ज्ञांचं ऐकून घेतलं, पण आपली डॉक्टर म्हणून मेगनलाच धरलं. केमो थांबवायचा निर्णय दोघींनी मिळून घेतला. मेगन घरी यायची, पलंगावर बसायची, दादालाही नीट झोपतोस का म्हणून विचारायची. आमच्या शेवटच्या भेटीत वहिनींना बोलताना दम लागत होता, तरी त्यांनी माझी चौकशी केलीच.

"भाऊजी, तुमचा डॉक्टर कोण?"

मी हृदयाचे, किडनीचे, डोळ्यांचे अशी नावं सांगू लागलो. त्यांनी हाताने थांबवलं.

"ते त्या त्या अवयवाचे झाले. तुमचा कोण?"

शॉमबर्गला परतल्यावर मी फॅमिली डॉक्टर शोधला, पण हे त्यांना सांगायचं राहून गेलं...

वहिनींचे दिवस झाल्यावरही दादासाठी मी थोडा थांबलो होतो. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात रेसिडेंट मुलंमुली, बरोबर मेगन. वर्षानुवर्षं रविवारी ही मंडळी वहिनींच्या डायनिंग टेबलाभोवती जमून आठवड्याच्या केसेस बोलत आली होती, वहिनी गरम पोहे वाढत ऐकत असायच्या. आज त्यांनी डोनट्स आणले होते. यावं की नाही यावरून त्यांचं बराच वेळ चाललं होतं, असं मेगन दबक्या आवाजात म्हणाली. दादाने सगळ्यांना आत घेतलं, चहा टाकला. टेबलाच्या टोकाची वहिनींची खुर्ची सगळ्यांनी मोकळी ठेवली होती. एक मुलगी एका बाईची केस सांगू लागली. रक्तदाब, तपासण्या, औषधांची नावं... तिचं सांगून झालं. अशा वेळी वहिनी पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायच्या. सगळे जणू त्याचीच वाट बघत होते.

दादा किटली घेऊन उभा होता. त्याने ती खाली ठेवली, त्या मोकळ्या खुर्चीवर बसला आणि त्याच्या वऱ्हाडी वळणाच्या इंग्रजीत विचारलं, "तिच्या घरी कोण कोण असतं?"

ती मुलगी दादाकडे वळली. मग सांगू लागली.