दुकान कुठं टाकावं

मुलुंड स्टेशनबाहेर घावणे विकणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवत त्या बोलायच्या, मान मात्र खालीच. नोकरी सोडून बसलेली मी, दुकान पुण्यात टाकू की नाशकात, याच घोळात होते. एकदा त्यांनाच विचारलं, "मावशी, हा धंदा गावीच का नाही काढलात?"

"गावी घरोघरी घावणे होतात गो, विकत कोण घेणार? इथे सगळ्यांना आठवण येते, पण करायला वेळ कोणाला? तू काय विकणार?"

"जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देणार."

तेव्हा कुठं कांदा थांबला आणि त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "माझ्या आईची दोन लुगडी ट्रंकेत पडून आहेत. उद्या आणू?"