दाजी आणि ती दोन मिनिटं

उद्या सकाळी जगबुडी येणार असं कळलं, तर तिला लागणारं सगळं सामान आदल्या दिवशीच ज्याच्या घरात तयार सापडेल असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा साडू होता. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. जव्हारला एका सरकारी कचेरीत ते कारकून होते. शिडशिडीत अंग, आणि चष्म्याला मागून बांधलेली दोरी, कारण घाटात चष्मा पडला तर पुढचं वळण दिसणार कसं? शर्टाच्या वरच्या खिशात स्वतःच्या घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी कायम असे. एकदा मी विचारलं, "दाजी, जव्हारात तुम्हाला कोण ओळखत नाही?" तर म्हणाले, "मास्तर, उपडा पडलेला माणूस पाठीवरून कुणाला ओळखू येतो?"

लग्नघरी गेले की ते आधी छताकडे पाहत आणि पंखा जिथे नसेल तिथे बसत. कुणाच्या मुलाला नोकरी लागल्याचे पेढे हातात आले की पेढा खाऊन विचारत, "लांब आहे का हो? एसटीनेच जाणार ना रोज?" आणि देणाऱ्याचा चेहरा उतरलेला पाहून स्वतःच इतके कष्टी होत की त्या माणसालाच त्यांची समजूत काढावी लागे. ते कुणाचं वाईट चिंतीत नसत. वाईट आपल्याला गाठणारच आहे, तर निदान ते आलं तेव्हा आपण झोपलेलं नसावं, एवढंच त्यांचं मागणं. "अमुक झालं नाही म्हणजे ते रद्द झालं असं नसतं, मास्तर," ते म्हणत. "लांबणीवर पडलेलं असतं."

असल्या माणसाने दोन हजार सालच्या आसपास जुनी पांढरी चारचाकी घेतली तेव्हा सगळ्या नात्यात एकच चर्चा झाली. आमच्याकडे तेव्हा गाडी कुणाकडेच नव्हती. सगळा प्रवास एसटीने, नाहीतर माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपच्या टपावर. दाजींची गाडी म्हणजे चालतं कोठार होतं. दोरखंड, बॅटरी, चाकामागे लावायला दोन लाकडी ठोकळे, गूळ-शेंगदाण्याचा डबा आणि पाण्याचे दोन कॅन. निघण्याआधी ते वाकून गाडीखाली पाहत. एकदा खरोखरच खाली कोंबडी अंडं घालायला बसलेली निघाली, आणि तिचं उरकेपर्यंत आम्ही पाच माणसं लग्नाच्या कपड्यात उन्हात उभी राहिलो. अक्षता चुकल्या. दाजींना मात्र पुढे चार वर्षं त्या कोंबडीचा दाखला पुरला.

आमची चिमी जन्मली तेव्हा ते बाळाला मच्छरदाणी घेऊन आले. तिच्यावर त्यांचा इतका जीव जडला की भीतीला नवं कुरणच मिळालं. ती झोपली की दाजी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास पाहत आणि त्या बोटाने ती जागी होई. गाडीतून बाजाराला गेलो की हटकून एक वाद व्हायचा. पोरगी मागच्या सीटवर गोधडीत झोपलेली, बायको म्हणायची, "राहू द्या दाजी, दोन मिनिटांत औषध घेऊन येते." दाजी ठाम. "दोन मिनिटं हे माप कुणी बनवलं? घड्याळात ते कधीच दोन भरत नाही." मग काच थोडी उघडी ठेवू? "बाहेरून हात घालून कुणी पोर उचललं म्हणजे?" बरं, बंद ठेवू? "आणि आत गुदमरलं म्हणजे?" यावर त्यांचं उत्तर एकच, पोर खांद्यावर. मग ते झोपलेलं मूल औषधाच्या दुकानातून कापडाच्या दुकानात, तिथून पिठाच्या गिरणीत जाई, गिरणीच्या आवाजाने जागं होऊन घरापर्यंत रडे, आणि बायको व ताई दोघी मिळून दाजींच्या नावाने बोटं मोडत. मीही हसत असे. त्यांची नक्कल मी शाळेतल्या मास्तरांना करून दाखवायचो.

तो मे महिना होता. माझी शाळा सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर आणि बायकोची जव्हारच्या पलीकडे. लग्नाला तीन वर्षं झाली तरी आमचा संसार असा दोन डोंगरांवर विभागलेला. सुट्टीत बायको जव्हारला ताईकडे तापाने पडली, पोरीला लागण नको म्हणून चिमीला माझ्या आईने पाड्यावर ठेवून घेतलं. ताप उतरला तसे दाजी आम्हा बापलेकीला न्यायला गाडी घेऊन आले. पाड्यावरची विहीर तेव्हा तळाला गेलेली. आई दोन कोस डोक्यावरून पाणी आणत होती. दाजींनी आपले दोन्ही कॅन तिच्या हंड्यात रिकामे केले. आयुष्यात पहिल्यांदा ते घाटात पाण्यावाचून निघाले, आणि मोखाड्यात शिरता शिरता गाडीच्या तोंडातून वाफ यायला लागली.

त्या दिवशी नवरा-बायकोंना एका ठिकाणी नेमणूक मिळावी म्हणून करायच्या अर्जाची शेवटची तारीख होती. अर्ज माझ्या पिशवीत होता. कचेरीसमोर गुलमोहराच्या सावलीत गाडी लावून, किल्ली माझ्या हातात देऊन दाजी कॅन घेऊन पाण्याला निघाले. चार पावलं गेले आणि मागे वळून म्हणाले, "मास्तर, मी येईपर्यंत पोरीजवळून हलायचं नाही. अर्जाचं मी आल्यावर बघू." मी म्हटलं, "जा हो दाजी."

ते दिसेनासे झाले. बाजाराचा दिवस, हापशावर ही रांग असणार. चिमी गाढ झोपलेली. कचेरीचं दार समोर, वीस पावलांवर. अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, परत. उचलली तर ती उठणार, रडणार. मी चारही काचा वर केल्या, कारण बाजाराची गर्दी होती आणि कुणी हात घालून पोर उचललं म्हणजे? दाजींचं ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याच्या पुढचं वाक्य मात्र मला त्या वेळी आठवलं नाही. किल्ली फिरवली आणि आत गेलो.

पोच मिळायला खरंच दोन-तीन मिनिटं लागली. कुणाचाही दोष नाही. पण बाहेर पडताना डी.एड.चा जुना सोबती भेटला. तोही अर्ज द्यायला आलेला. "अरे तू!" म्हणून त्याने मला बाकावर ओढलं, चहा मागवला. मी म्हटलं, घोटभर घेऊन निघू. मग कुणाची बदली कुठे झाली, कोण कुठल्या पाड्यावर कुजतंय, असं निघालं. मी हसत होतो, हे मला नीट आठवतं. मग बाहेरून काच फुटल्याचा आवाज आला.

गाडीवरची सावली सरकून गेली होती. पत्रा उन्हात तापला होता. दाजी परत आले होते, दारं ओढून पाहिली होती, मला हाका मारल्या होत्या, आणि शेवटी रस्त्याकडेचा दगड उचलला होता. काचेचे तुकडे पोरीवर उडू नयेत म्हणून त्यांनी पुढची काच फोडली, तिच्यातून हात घालून दार उघडलं. मनगटापासून कोपरापर्यंत रक्त. चिमी लालबुंद, घामाने निथळलेली, मान टाकलेली. रडतही नव्हती. बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने आपली टोपली तिथेच टाकून तिला दाजींच्या हातातून घेतलं. "गर्दी करू नका रं, वारा येऊ द्या!" ती ओरडली. "पानी घाल रं तिला, डोक्यावर घाल!" दाजींनी कॅन उचलला. रक्ताळलेल्या हाताने त्यांनी तिच्या डोक्यावर धार धरली. मी तिथे उभा होतो, एका हातात पोच धरून.

"पोर कुनाची हाय?" बाईने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "आमची."

दवाखाना जवळच होता, आम्ही पळतच गेलो. तिथे तिला सलाईन लावलं, अंग पुसलं. तासाभराने ती क्षीणशी रडली. जन्माच्या वेळी तिच्या रडण्याचा मला इतका आनंद झाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो. दाजींनी आता तरी म्हणावं, मी सांगितलं होतं. जन्मभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस समोर होता. ते शेजारी बसले, हाताची पट्टी सारखी केली आणि म्हणाले, "काचा बंद करायची भीती मीच घातली ना तुझ्या डोक्यात. अर्धंच कळेल असं बोललो." मला त्यांनी अरे-तुरे केलं ते तेवढं एकदाच.

जव्हारला पोचल्यावर बायको फुटलेली काच पाहून किंचाळली. मी शब्द शोधत होतो. दाजी म्हणाले, "माझी चूक. मास्तर अर्ज द्यायला गेले होते, पोर माझ्याकडे होती. मी गाडी बंद करून पाण्याला गेलो आणि किल्ली आतच राहिली." आता सांगतो, मग सांगतो, असं करत गप्पच राहिलो. ताई महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. "सगळ्या जगाला अक्कल शिकवायची आणि स्वतः पोर कोंडून जायचं!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याच अर्जावर आमची बदली झाली. आम्ही एका घरात राहायला लागलो आणि त्या घरात दाजींचं नाव निघालं की बायकोचा चेहरा बंद होई.

तीन वर्षांनी मुलगा झाला. बारशाला दाजी आले. पाळण्याजवळ जाऊन त्यांनी हात पुढे केले. बायको म्हणाली, "राहू द्या दाजी, आत्ताच झोपलाय." मुलगा टक्क डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहत होता. दाजींचे हात जरा वेळ तसेच राहिले, मग त्यांनी पाळण्याची दोरी उगीच तपासली, घट्ट आहे की नाही. ते मला बघवेना. भरल्या घरात मी बोलून टाकलं. "त्या दिवशी पोरीला मी कोंडलं होतं. किल्ली माझ्याकडे होती. मी आत चहा पीत बसलो होतो. दाजींनी तिला वाचवलं."

मला हलकं वाटणार, तेवढ्यात दाजी हसले. "मास्तर, पुरे आता. किती पदरात घ्याल माझं?" आणि बायकांकडे वळून म्हणाले, "माझी कीव येते त्यांना. म्हणून असं बोलतात." बायकोने माझ्याकडे पाहिलं. इतक्या आदराने तिने माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितका मी मोठा होत गेलो.

अंगणात त्यांना गाठून मी जवळजवळ ओरडलोच, "का असं केलंत?" ते गाडीखाली वाकून पाहत होते. उठले, गुडघे झटकले. "तिला तुमच्याबरोबर रोज राहायचंय, मास्तर. मी काय, सणावाराला येतो."

पुढे काही वर्षांनी दाजी गेले. दुपारी जेवून, खाली सतरंजीवर, पंख्यापासून लांब झोपले ते उठलेच नाहीत. एवढ्या वाटा अडवून बसलेल्या माणसाला ज्या वाटेने जायचं होतं ती इतकी साधी निघाली. तेराव्याला पंगत उठल्यावर बायका त्यांच्या आठवणी काढत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या. माझी बायकोही रडली. तिचा राग कधीच विरून गेला होता. "दाजींनी एकदा चूक केली," ती सांगत होती, "पण आमच्या ह्यांचं मन बघा, चारचौघांत ती आपल्या अंगावर घ्यायला निघाले होते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.