ताईची सुट्टी

वह्यांना घालायच्या खाकी कागदाचा वास आला की मला नव्वदच्या सुमाराचं आमचं डोंबिवलीचं कॉलेज आठवतं. माझी ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, पण समज सहा वर्षांच्या मुलीएवढी. अठरा पूर्ण झाल्यावर ठाण्यातल्या तिच्या खास शाळेने तिला घरी पाठवलं होतं. मी कॉलेजला निघाले तशी तीही दोन वेण्या घालून, खाकी कव्हर घातलेली वही छातीशी धरून दारात उभी राहिली. मराठीच्या बाई म्हणाल्या, "बसू दे गं, तिचा कसला त्रास?" ताई शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरी संपली की मोठ्याने म्हणायची, "बाई, मी पण आलेय!" वर्ग हसायचा. पंधरा दिवसांत मला ते हसणं सोसेना. मी बाईंना खोटंच सांगितलं, "आई नको म्हणते." ताईला म्हटलं, "तुझ्या वर्गाला सुट्टी लागलीय." त्यानंतर मी निघाले की ती रोज विचारायची, "माझी सुट्टी कधी संपणार गं?" मी पदवीधर झाले तरी ती विचारतच होती. परवा तिच्यासारख्या मुलांसाठी एका कॉलेजात वर्ग सुरू झाल्याचं वाचलं. ते सांगायला ताई आता राहिली नाही.