वरून नर्मदा दिसते

आठ वर्षं मी पोरांना सांगत होतो की सातपुड्यातल्या त्या टोकावरून एका बाजूला तापी दिसते आणि दुसऱ्या बाजूला नर्मदा. सांगताना दोन्ही हात पसरायचो, इकडे तापी, तिकडे नर्मदा. आणि मी स्वतः त्या टोकावर एकदाही गेलो नव्हतो. आता या वयात लपवायचं तरी कुणापासून?

जळगावात एक छोटी कंपनी होती. पुढे ऑफिस, मध्ये शिलाईची खोली, मागे गोदाम. सॅक, तंबू, स्लीपिंग बॅगा शिवायच्या आणि शाळेच्या पोरांना सातपुड्यात कॅम्पला न्यायचं, असा दुहेरी कारभार. मी अमळनेरचा. लहानपणी गावातली एक उंच जागा सोडली नव्हती. पाण्याची टाकी झाली, कारखान्याची भिंत झाली, वडिलांचा मारही भरपूर खाऊन झाला. कॉलेज अर्धवट टाकून नोकरी शोधत जळगावात फिरत होतो, तेव्हा त्या कंपनीच्या पाटीवर 'साहस' हा शब्द वाचला आणि सरळ आत शिरलो. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. स्वतः हाडाचे डोंगरवेडे. त्यांनी एकच विचारलं, "डोंगर चढतोस?"

"चढतो की."

"मग ते तंबू उचल नि ट्रकमध्ये टाक."

ते जे उचलले ते उचललेच.

कामाची पद्धत अशी होती. कॅम्पच्या दोन दिवस आधी मी ट्रकमध्ये सामानावर बसून जायचो. चोपड्याच्या पुढे केळीचे मळे संपले की डांबर संपायचं, मग धूळ खात खात डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथे झऱ्याजवळ तंबू ठोकायचे, चूल मांडायची, पाणी भरून ठेवायचं. पोरं यायची. दुसऱ्या दिवशी पहाटे लीडर शिटी वाजवून पोरांना टोकावर घेऊन जायचा आणि मी खाली तंबू राखत बसायचो. का, तर पहिल्याच वर्षी माकडांनी आख्खा शिधा उधळला होता आणि बकऱ्यांनी तंबूच्या दोऱ्या चघळून टाकल्या होत्या. भाऊंनी नियमच केला, कंपनीचा माणूस तंबूपाशी हवाच. कंपनीचा माणूस म्हणजे कोण? अस्मादिक!

पोरं जेवायला उतरायची, संध्याकाळच्या बसने निघून जायची. मग मी खुंट्या मोजायच्या, एका तंबूला बारा. दवाने भिजलेले तंबू वाळवायचे, घडी घालायची, ट्रकमध्ये चढवायचे. जळगावला आलं की फाटलेलं शिवायचं आणि चेनवर मेणबत्ती घासायची, की पुढच्या शाळेचा कॅम्प तयार. मे महिन्यात त्या शिलाईच्या खोलीत पत्र्याखाली बसून मी बर्फातल्या थंडीसाठीच्या बॅगा शिवायचो. घामाचे थेंब कापडावर पडू नयेत म्हणून कपाळाला पंचा बांधायचो. बायको म्हणायची, "तुमच्या अंगाला ताडपत्रीचा वास येतो. आंघोळ करून आलात तरी येतो." ती चिडवायची, पण खरंच यायचा.

तुम्ही म्हणाल, एखाद्या रविवारी जाऊन यायचं होतं. हो, जाता आलं असतं. दोन बस बदलायच्या, वर दोन तास पायपीट, घरी लहान लेकरं, सगळी कारणं होती माझ्याकडे. पण खरं सांगू? मला तिथे असं चोरून जायचं नव्हतं. गळ्यात शिटी, मागे पोरांची रांग, असं लीडर म्हणून जायचं होतं. भाऊ दर दिवाळीला म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुला लीडर करू." मी दर दिवाळीला खूश व्हायचो. किती मूर्ख असावं माणसाने!

पण पोरं रात्रीच्या जेवणानंतर विचारायची, काका, वर काय आहे? आता काका काय सांगणार, काकाला माहीत नाही? मग ऐकीव गोष्टी जोडून सांगायला लागलो. वर दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. थंडगार पाणी. तापी दिसते. तापी एकटी कमी वाटली म्हणून नर्मदा मी माझ्या पदरची घातली. आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी पोरं खाली येऊन ओरडायची, "काका, नर्मदा दिसली! बारीक रेघ दिसली!" पोरांनाच दिसली म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा? हळूहळू मलाही ती पाहिल्यासारखी वाटायला लागली.

नवव्या वर्षी भाऊंनी शब्द दिला. या वेळचा 'पुढच्या वर्षी'वाला नव्हता. म्हणाले, "धुळ्याच्या शाळेचा हा कॅम्प नीट पार पाड. दिवाळीपासून शिटी तुझी." ते स्वतः येऊ शकत नव्हते, म्हणून त्यांनी एक नवा लीडर पाठवला. चांगला मुलगा होता, डोंगर पाहिलेला, पण आमच्या भागात पहिल्यांदाच आलेला. एरवी आमचे कॅम्प दिवाळी ते संक्रांत एवढ्यातच व्हायचे. या शाळेचं गॅदरिंग लांबलं आणि कॅम्प येऊन पडला होळीच्या तोंडावर. खानदेशात होळीला ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

आदल्या संध्याकाळी लीडरने विचारलं, "वर पाणी आहे का? की दोन-दोन बाटल्या द्यायच्या?"

"टाकं आहे ना," मी म्हणालो. "कशाला ओझं? एक एक पुरे."

"नक्की? तुम्ही पाहिलंय?"

"डोळ्यांनी," मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

सकाळी पस्तीस पोरं-पोरी, त्यांच्या बाई आणि लीडर असे एकेक बाटली घेऊन वर गेले. मी भांडी घासत होतो. ऊन चांगलं चढलं तेव्हा गावातले आबा बकऱ्या घेऊन आले. दर कॅम्पला ते यायचे, बिडी ओढत बसायचे, मी त्यांना चहा द्यायचो. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं.

"बठ्ठा पोरं वर गयात?"

"हो आबा."

"पानी लई गयात ना?"

"टाकं आहे ना वर."

आबांनी तोंडातली बिडी काढली. "टाकामा कोठे पानी? दोन महिना व्हयनात, कोल्लं शे ते."

टाकं कोरडं! पातेलं हातातून सुटलं. मी पाण्याचे दहा-दहा लिटरचे दोन कॅन भरले, आमच्याच कंपनीच्या सर्वांत मोठ्या सॅकमध्ये कोंबले, उचलली. आणि तरी त्या तंबूंकडे बघत उभा राहिलो. आठ वर्षांची सवय! पस्तीस लेकरं वर तहानलेली आणि मी विचार करतोय, तंबू कोण राखणार.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "तू जाय. मी बठस आठे."

एवढं साधं होतं ते. मी बसतो इथे. आठ वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून बिडी ओढत होता आणि मी एकदाही त्याला म्हटलं नव्हतं, आबा, जरा बसता का, मी वर जाऊन येतो.

ती चढण मला नीट आठवत नाही. दगड तापलेले, सागाला पान नाही, सावलीचा पत्ता नाही. सॅकचे पट्टे खांद्यात रुतत होते. पट्टे मीच शिवलेले, आत रुई कमी भरली म्हणून मनात मीच स्वतःला शिव्या घातल्या. एका घसाऱ्यावर पाय निसटला आणि उजवा गुडघा दगडावर आपटला. आपटला तर आपटला म्हणून उठलो. देवा, कुणाला काही होऊ देऊ नकोस, एवढंच घोकत होतो. डोंगर चढायची मला केवढी हौस होती, पण त्या दिवशी ती कुठल्या कुठे पळाली होती.

पोरं टाक्याजवळ खडकाच्या हातभर सावलीत दाटीवाटीने बसली होती. टाक्याच्या तळाला वाळलेला पाला. दोघांना उलट्या झालेल्या. एक मुलगी बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली, ओठ पांढरे, हाक मारली तर डोळे अर्धवट उघडायची. लीडरचा चेहरा उतरला होता. उतरावं की थांबावं हेच त्याला कळत नव्हतं.

मी बाटलीच्या झाकणाने पाणी देत सुटलो. आधी त्या मुलीला, मग उलट्यावाल्यांना, मग सगळ्यांना. एकेक घोट, पुन्हा पहिल्यापासून एकेक घोट. बाई म्हणाल्या, "तुम्ही तर पाणी आहे म्हणाला होता."

"चुकलो बाई," मी म्हणालो. "माझी चूक." आणि भरलेलं झाकण पुढच्या पोराच्या तोंडाला लावलं.

अर्ध्या-पाऊण तासाने ती मुलगी उठून बसली. मी पोरं मोजली, पस्तीस. तिला पाठीवर घेतलं आणि सगळ्यांच्या मागून पायांकडे बघत बघत उतरलो. खाली आबा तसेच बसलेले, बकऱ्या लांब हाकललेल्या, तंबूची एक दोरीही हललेली नाही. पोरं झऱ्यावर तुटून पडली. पाठीवरच्या मुलीला चटईवर निजवलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, नर्मदा कुठे होती? मी खूप शोधली."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी वर जाऊन आलो होतो. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली त्या टोकावर तासभर होतो, आणि मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी भाऊंनी ऑफिसात बोलावलं. बाईंनी त्यांना पत्र पाठवलं होतं. पत्रात माझ्या चुकीचा उल्लेखही नव्हता, वीस लिटर पाणी घेऊन धावत आलेल्या माणसाचं कौतुक होतं. लीडरनेही माझं नाव घेतलं नव्हतं. भाऊंनी टेबलाच्या खणातून शिटी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. पितळेची होती, दोरी नवीन घातलेली.

मी ती उचलली नाही. "भाऊ, त्या दिवसाआधी मी वर कधी गेलोच नव्हतो. टाक्याचं मी ऐकलेलं सांगितलं. नर्मदेचंही."

 भाऊ म्हणाले, "नर्मदा दिसत नाही हे मला माहीत होतं रे. मला वाटायचं, तू वर जाऊन आलायस आणि पोरांची मजा करतोस." त्यांनी शिटी परत खणात टाकली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

नोकरी राहिली. तंबू राहिले. गुडघा मात्र त्या आपटण्यातून सुधारला नाही. चढ आला की आतून कळ यायची. पुढच्या दिवाळीत त्याच झऱ्यावर तंबू ठोकले. पोरं वर गेली. आबा आले, बसले, आणि आपणहून म्हणाले, "जाय ना, देखी ये. मी बठस."

"गुडघा हो आबा," मी म्हणालो आणि चहा टाकला.

आदल्या रात्री पोरांनी नेहमीसारखं विचारलं होतं, काका, वरून काय दिसतं? मी म्हणालो, "मला माहीत नाही. मी गेलो होतो, पण बघायचं राहिलं. तुम्ही बघून या आणि मला सांगा." ती पोरं दुपारी आली, माझ्याभोवती बसली आणि सांगायला लागली. कुणाला तापी दिसली होती, कुणाला केळीचे हिरवे पट्टे, कुणाला नुसताच धूर. मी चहा ढवळत सगळं ऐकून घेतलं. त्यांच्यातल्या कुणालाही आणि त्यानंतरच्या कुठल्याच पोरांना पुन्हा कधी नर्मदा दिसली नाही.